ग्रामसभेत हात वर करायचाय? मग अठरा पूर्ण होण्याआधीच मतदार नोंदणीचा नमुना ६ भरा

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या भारत मंडपममध्ये ३,००० तरुण जमले होते. २०४७ सालचा भारत कसा असावा हे पंधरा ते एकोणतीस वयाच्या मुलांकडून ऐकायचं, असा तो कार्यक्रम. चांगलीच गोष्ट आहे. पण मी दर शनिवारी गावच्या वाचनालयात मुलांचे अर्ज भरायला बसतो, आणि तिथे वेगळंच दिसतं. २०४७ च्या पाण्यावर शाळेत सुंदर बोललेली मुलगी गावच्या विहिरींचा विषय निघाला तेव्हा ग्रामसभेत मागे गप्प बसून होती. वय साडेअठरा, मतदारयादीत नाव नाही, अर्ज दोनदा फेटाळलेला.

राज्यघटनेच्या कलम २४३ प्रमाणे ग्रामसभा म्हणजे त्या गावच्या मतदारयादीत ज्यांची नावं आहेत ती सगळी माणसं. म्हणजे यादीत नाव आलं की तुम्ही सभासद. वेगळा अर्ज नाही, फी नाही. गोव्यात या हक्काला वजन आहे. राज्यातली कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा प्रादेशिक आराखडा २०११ सरकारला २००७ मध्ये मागे घ्यावा लागला तो लोक उठले म्हणून, आणि त्यानंतरच्या आराखडा २०२१ च्या मसुद्यावर गावोगावची मतं मागवावी लागली. डोंगर कापायचा की राखायचा, शेतात काय उभं राहायचं, हे पुढच्या तीस-चाळीस वर्षांचे प्रश्न आहेत. त्यांचे परिणाम आज सतरा वर्षांची असलेली मुलंच भोगणार.

नाव नोंदवायचं नमुना ६ भरून. मतदार सेवा पोर्टलवर ऑनलाइन भरा किंवा बीएलओकडे, म्हणजे मतदारयादीचं काम बघणाऱ्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, कागदावर द्या. फोटो, जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, सही. एवढंच. पण अडतं ते पुढच्या गोष्टींत.

पहिली म्हणजे तारीख. “अठरा पूर्ण झाल्यावर बघू” असं घरोघरी म्हणतात आणि तिथेच वर्ष जातं. २०२२ पासून वर्षात चार अर्हता तारखा आहेत, म्हणजे त्या दिवशी अठरा पूर्ण असतील तर नाव धरलं जातं: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो. समजा जन्म १५ फेब्रुवारी २००९ चा. अठरा पूर्ण होतील १५ फेब्रुवारी २०२७ ला, पण नाव १ जानेवारीच्या नव्हे, १ एप्रिल २०२७ च्या तारखेला धरलं जाईल. अशी मुलं मार्चमध्ये यादी बघतात, नाव दिसत नाही म्हणून घाबरून दुसरा अर्ज टाकतात, आणि मग दोन अर्जांचा घोळ निस्तरत बसावं लागतं. एकच अर्ज करा, संदर्भ क्रमांक वहीत लिहून ठेवा. आणखी एक: निवडणूक जाहीर झाली की उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या दिवसानंतर ती संपेपर्यंत नवं नाव घेतलं जात नाही. गोव्यातल्या बहुतेक पंचायतींचं मतदान १० ऑगस्ट २०२२ ला झालं होतं. पंचायतीची मुदत पाच वर्षांची, हिशेब तुम्हीच करा.

दुसरी अडचण पत्त्याची, आणि गोव्यात ही फार छळते. वीज किंवा पाण्याचं बिल चालतं, पण ते किमान एक वर्षापासूनचं आणि अर्जदाराच्या स्वतःच्या किंवा आई-वडिलांसारख्या जवळच्या नात्याच्या नावावर हवं. आपल्याकडे बिल कोणाच्या नावावर? पंचवीस वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांच्या. मुंडकाराच्या (दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेल्याच्या) घरी तर एक-चौदाचा, म्हणजे जमिनीचा, उतारा भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) नावाचा. असल्या कागदाच्या मागे धावू नका. आधार कार्डावर गावचा पत्ता असेल तर तेवढं पुरतं. नसेल तर बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक गावच्या पत्त्यावर करून घ्या. तेही नसेल तर बीएलओने घरी येऊन पडताळणी करायची असते, आणि कागद नाही म्हणून अर्जच घेणार नाही असं कोणी म्हणालं तर ते ऐकून घेऊ नका. “उद्या या” ऐकून परत आलेली किती मुलं मी पाहिली आहेत! त्यांची काहीच चूक नसते.

तिसरी, नावाचं स्पेलिंग. जन्मदाखल्यावर जुन्या पोर्तुगीज वळणाचं आडनाव, आधारवर वेगळं, दहावीच्या प्रमाणपत्रावर तिसरंच. जन्मतारखेसाठी जन्मदाखला, आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र यांतलं एकच लागतं. मग पत्त्याच्या कागदाशी अक्षर न् अक्षर जुळणारं तेवढंच जोडा. सगळे जोडले की शंका वाढतात.

घरातल्या ज्या माणसाचं नाव आधीच यादीत आहे त्याचा मतदार ओळखपत्र क्रमांक लिहायचा रकाना रिकामा सोडू नका. तुम्ही कुठल्या वाड्याच्या भागात बसता हे त्यावरून ठरतं.

बेळगाव-कोल्हापूरला शिकणाऱ्यांनो, नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं. वसतिगृहाच्या पत्त्यावर नोंद केलीत तर गावच्या ग्रामसभेतला हक्क गेला. खोटं निवेदन दिल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, म्हणून दोन्हीकडे नाव ठेवायचा मोह नको. आणि ज्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतलंय त्यांना, घर गावात असलं आणि ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, मतदार होता येत नाही. हे सांगताना मला वाईट वाटतं, पण सांगायलाच हवं.

पर्वरी, ताळगाव शहरासारखी दिसतात, पण तिथे पंचायती आहेत, म्हणजे ग्रामसभाही आहे. नगरपालिकेच्या हद्दीत मात्र ग्रामसभा नसते.

ग्रामपंचायत विकास आराखड्याची लोकयोजना मोहीम २०१८ पासून २ ऑक्टोबरला सुरू होत आली आहे. त्या सभांना नाव यादीत असायला हवं, तर १ ऑक्टोबरची अर्हता तारीख चुकवू नका.

अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागा. १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, तिथेही नकार आला तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. दिवस निर्णयाच्या तारखेपासून मोजायचे, पत्र हातात पडल्यापासून नव्हे. चौकशीला १९५० हा क्रमांक आहे. फोन करताना संदर्भ क्रमांकाची वही जवळ ठेवा.