‘शेक’ म्हणजे भाजणं नव्हे

कॅन्सरवरच्या रेडिएशनला, म्हणजे किरणोपचाराला, सर्रास ‘शेक’ म्हणतात आणि त्यातूनच समज पसरलाय, की यंत्र गाठ जाळतं, सोबत आजूबाजूचं सगळंच. तसं नाही. हे किरण उष्णतेने नव्हे, पेशींच्या डीएनएवर घाव घालून काम करतात. आणि नेम आधी ठरतो. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये गरम पाण्यात मऊ केलेला जाळीदार मास्क चेहऱ्यावर बसवतात. काही मिनिटांत तो कडक होतो. त्याच स्थितीत सीटी स्कॅन. मग स्कॅनच्या एकेका चित्रावर डॉक्टर गाठ रेखतात, भोवती काही मिलिमीटर जास्तीचे धरतात, लाळग्रंथी आणि मज्जारज्जूही रेखतात. मज्जारज्जूला एकूण साधारण ४५ ते ५० ग्रेपेक्षा (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक) जास्त मात्रा पोचू नये, अशा बेताने भौतिकतज्ज्ञ किरणांचे कोन जुळवतात. त्वचा लाल होते, कधी सोलते, हे मात्र खरं; ते अंगावर काढू नका.