टीका, जिव्हाळा आणि उलटणारे दुखणे

‘विषारी कुटुंब ओळखण्याची दहा लक्षणे’ अशा धर्तीच्या याद्या समाजमाध्यमांवर सध्या मोठ्या हौसेने फिरवल्या जातात. आईवडील प्रौढ मुलाच्या निर्णयांत लक्ष घालतात, घरात आवाज चढवून बोलले जाते, एकाचे गुपित सगळ्यांना ठाऊक असते, अशी लक्षणे त्यांत दिलेली असतात आणि वाचणारा आपल्या घराला गुण देऊन मोकळा होतो. दुसरीकडे, ‘ज्याची त्याची संस्कृती, त्यात बाहेरच्याने बोलू नये’ असे म्हणणारेही कमी नाहीत. कुटुंबोपचाराच्या शास्त्राला ही दोन्ही मते मान्य नाहीत. त्यामागे काही दशकांचे संशोधन आहे, आणि माझ्या मते मानसशास्त्रातल्या सर्वांत चित्तवेधक संशोधनांत त्याची गणना व्हायला हवी.

कुटुंबोपचाराचा जन्म 1950च्या दशकातला. आजारी व्यक्तीला एकटीला न तपासता तिच्या घरातल्या परस्परसंबंधांकडे एक यंत्रणा म्हणून पाहायचे, ही त्यामागची कल्पना. मात्र आरंभीच्या उत्साहात काही तज्ज्ञ घसरले. पालो आल्टो येथील ग्रेगरी बेटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 मध्ये असे मांडले की, घरातून सतत मिळणाऱ्या परस्परविरोधी संदेशांतून स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि भ्रम होणारा गंभीर मनोविकार, उद्भवू शकतो. त्याही आधीपासून आईलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची प्रथा पडली होती. या कल्पनांना पुरावा मिळाला नाही. स्किझोफ्रेनियाच्या मुळाशी आनुवंशिकतेचा आणि मेंदूच्या विकासाचा मोठा वाटा आहे, हे आता पक्के झाले आहे. घरामुळे हा आजार होत नाही. पण झालेला आजार उलटण्याशी, म्हणजे बरे वाटू लागल्यावर पुन्हा बळावण्याशी, घरातल्या वातावरणाचा काही संबंध आहे का, हा प्रश्न मात्र अगदी वेगळा आहे.

तो प्रश्न लंडनमधील समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांना एका विचित्र निरीक्षणामुळे पडला. मनोरुग्णालयातून घरी सोडलेल्या पुरुष रुग्णांचा पाठपुरावा करताना 1950च्या दशकाच्या अखेरीस असे दिसले की, आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे राहायला गेलेल्यांचे दुखणे भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहणाऱ्यांच्या मानाने अधिक वेळा उलटत होते. जवळच्या माणसांत राहून रुग्ण बरा व्हावा, ही सर्वसाधारण अपेक्षा. येथे नेमके उलटे घडत होते. म्हणून ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नातेवाइकांच्या सविस्तर मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्यांतून घरातले भावनिक हवामान मोजण्याची पद्धत बसवली. तिला ‘एक्स्प्रेस्ड इमोशन’, म्हणजे व्यक्त भावना, असे नाव मिळाले.

ही मोजणी कशी होते ते जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. मुलाखतीत रुग्ण समोर नसतो. नातेवाइकाला गेल्या काही महिन्यांतल्या दैनंदिन गोष्टी विचारल्या जातात आणि प्रशिक्षित परीक्षक मुद्रण ऐकून टीकेची विधाने मोजतो, वैरभाव आहे की नाही ते नोंदवतो, आणि अतिगुंतवणूक (रुग्णात गरजेपेक्षा जास्त गुंतून राहणे) व जिव्हाळा यांना श्रेणी देतो. ‘तो दुपारपर्यंत अंथरुणातून उठत नाही’ हे वाक्य सपाट आवाजात आले, तर ती केवळ माहिती. ‘त्याचे ते दुपारपर्यंतचे लोळणे मला डोळ्यांसमोर नको होते’ ही टीका. पहिलेच वाक्य दातओठ खात उच्चारले, तर तेही टीकेतच मोजले जाते, कारण शब्दांइतकेच वजन स्वराला आहे. रूढ नियमानुसार अशी सहा किंवा अधिक विधाने आली, तर घर ‘उच्च’ गटात जाते.

ब्राउन, बर्ली आणि विंग यांच्या 1972 च्या अभ्यासात 101 रुग्ण होते. नऊ महिन्यांत ‘उच्च’ घरांतील 58 टक्के रुग्णांचे दुखणे उलटले, तर ‘निम्न’ घरांत हे प्रमाण 16 टक्के होते. पुढे 1998 मध्ये बट्झलाफ आणि हूली यांनी 27 अभ्यासांची एकत्रित छाननी केली, तेव्हाही कल तोच राहिला: सुमारे 65 टक्के विरुद्ध 35 टक्के.

टीकेचे घाव मेंदूपर्यंत पोचतात कसे? हे उत्तर दोन टप्प्यांत मिळते. पहिला टप्पा नातेवाइकाच्या मनात घडतो. रुग्ण अंघोळ करत नाही, बोलत नाही, कामाला जात नाही, ही आजाराची लक्षणे आहेत असे ज्यांना वाटते, ते सहसा टीका कमी करतात. ‘मनात आणले तर त्याला सहज जमेल’ असे ज्यांना वाटते, ते अधिक करतात. म्हणजे टीकेच्या मुळाशी दुष्टपणा क्वचितच असतो, बहुधा कारणमीमांसा चुकलेली असते. दुसरा टप्पा रुग्णाच्या शरीरात घडतो. त्वचेची विद्युतवाहकता घामग्रंथींच्या क्रियेनुसार बदलते आणि घामग्रंथी अनुकंपी चेतासंस्थेच्या, म्हणजे ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या मज्जातंतूंच्या, ताब्यात असतात. त्यामुळे कोणतेही बाह्य उद्दीपन नसताना या वाहकतेत जे आपोआप चढउतार होतात, त्यांची वारंवारिता म्हणजे शरीर किती ‘जागे’ आहे याची मोजणी ठरते. टॅरियर आणि सहकाऱ्यांनी 1979 मध्ये हे चढउतार रुग्णांच्या घरी जाऊन मोजले. कमी टीका करणारा नातेवाईक खोलीत आला की रुग्णाचे चढउतार कमी होत; अधिक टीका करणारा आला, तर ते चढेच राहत. या मोजणीतून असा अर्थ निघतो. टीका न करणारे माणूस जवळ असणे ही रुग्णाच्या चेतासंस्थेला मिळणारी विश्रांती असते, आणि ती विश्रांती ज्याला मिळत नाही, त्याची लक्षणे ताणाखाली वाढतात. लक्षणे वाढली की टीका वाढते, आणि टीका वाढली की पुन्हा लक्षणे. या चक्राला आरंभबिंदू नसल्यामुळे दोष कोणाचा हा प्रश्नच गैरलागू होतो. कुटुंबोपचार करणाऱ्याला एवढेच पाहायचे असते की, हे चक्र कोठे तोडणे सर्वांत सोपे आहे.

औषधोपचार चालू ठेवून कुटुंबाला आजाराची माहिती देणे, टीका कमी करणे आणि अडचणी सोडवण्याची रीत शिकवणे, या उपायांनी आजार उलटण्याचे प्रमाण घटते, हे 1980च्या दशकापासून अनेक चाचण्यांत दिसले आहे. येथपर्यंत सारे सुरळीत वाटते. गुंता होतो तो हीच मोजपट्टी दुसऱ्या समाजात नेल्यावर.

चंदीगढमधील रुग्णांच्या नातेवाइकांचे निष्कर्ष 1987 मध्ये प्रसिद्ध झाले. लंडनच्या तुलनेत तेथे टीकेचे आणि अतिगुंतवणुकीचे प्रमाण पुष्कळच कमी निघाले. पुढे अमेरिकेत लोपेझ आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये दाखवले की, इंग्रजीभाषक गौरवर्णीय कुटुंबांत आजार उलटण्याचा अंदाज टीकेवरून बांधता येतो, तर मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबांत जिव्हाळ्याच्या अभावावरून. रोझेनफार्ब आणि सहकाऱ्यांच्या 2006 च्या अभ्यासातला निष्कर्ष तर बुचकळ्यात टाकणारा होता: आफ्रिकन-अमेरिकन रुग्णांत नातेवाइकांच्या टीकेचे आणि हस्तक्षेपाचे प्रमाण जास्त असताना आजाराची वाटचाल उलट बरी होती. यावर दिले गेलेले एक स्पष्टीकरण असे की, ज्या घरात स्पष्ट बोलणे ही काळजीची खूण मानली जाते, तेथे रुग्णालाही ते बोलणे काळजीसारखेच ऐकू येते. म्हणजे बाहेरून सारखेच ऐकू येणारे वाक्य आत शिरल्यावर चेतासंस्थेला वेगळे सांगते.

याहून बोलके उदाहरण टेलेस आणि सहकाऱ्यांच्या 1995 च्या चाचणीचे आहे. लॉस एंजेलिसमधील अल्प उत्पन्नाच्या, स्पॅनिश बोलणाऱ्या स्थलांतरित कुटुंबांना इतरत्र यशस्वी ठरलेला वर्तनाधारित कुटुंबोपचार त्यांच्याच भाषेत देण्यात आला. ज्यांनी नव्या देशाच्या चालीरीती फारशा उचललेल्या नव्हत्या, अशा रुग्णांत या उपचाराने लक्षणे बळावण्याचा धोका वाढल्याचे आढळले. नव्या समाजात मुरलेल्या रुग्णांत तसे दिसले नाही. या उपचारात संवादाचे ठराविक सराव असतात. समोरच्याच्या डोळ्यांत पाहून, ‘तुमच्या अमुक वागण्याचा मला राग येतो’ असे थेट सांगायचे, आणि हे सारे गृहपाठ म्हणून घरी करायचे. वडिलांच्या डोळ्यांत पाहून राग व्यक्त करणे हा जेथे उद्धटपणा ठरतो, तेथे हा सराव म्हणजे दर आठवड्याला नव्याने घातलेला ताण. संशोधकांनीही असेच काही घडले असावे असा तर्क केला. ताण उतरवायला दिलेले औषधच ताण चढवत असेल, तर दोष मात्रेचा नव्हे, निवडीचा असतो.

म्हणूनच उपचाराचा आराखडा आखताना संस्कृतीचा विचार ही शिष्टाचाराची बाब राहत नाही. समजा, रुग्णालयातून नुकताच घरी आलेला एक तरुण आहे आणि त्याची आई त्याच्या खोलीतच झोपते. एका समाजात ही अतिगुंतवणूक. दुसऱ्यात न झोपली तर आईवर बोट ठेवले जाईल. आराखड्यात ‘आईने वेगळे झोपावे’ असे उद्दिष्ट लिहिण्यापूर्वी तिच्या झोपण्याने मुलाचा ताण वाढतो की उतरतो, हे पाहावे लागते. वाढत नसेल, तर त्या उद्दिष्टाची गरजच नाही. बैठकीला कोणाला बोलवायचे, घरात अंतिम शब्द कोणाचा, आजाराला हे लोक काय म्हणतात आणि कशामुळे झाला असे मानतात, हे आधी विचारायचे असते. डीएसएम-5 या मनोविकारांच्या 2013 च्या अमेरिकी निदानसंहितेत यासाठी 16 प्रश्नांची सांस्कृतिक मुलाखत दिलेली आहे, आणि तिचा गाभा एवढाच की उत्तर गृहीत धरू नका, विचारा. आजार बाहेरच्या बाधेने झाला असे कुटुंब म्हणाले, तर तज्ज्ञाने त्याला दुजोरा देण्याचे कारण नाही; परंतु त्या समजुतीपायी औषधे बंद होणार असतील, तर तो मुद्दा आराखड्यात सर्वांत वर यायला हवा. घरात मारहाण होत असेल, तेथे मात्र परंपरेचा कोणताही दाखला चालत नाही. सुरक्षितता आधी, बाकी सारे नंतर.

अमुक समाजाचे लोक असे असतात, असे सांगणारी तयार कोष्टके मला त्या ‘विषारी’ याद्यांइतकीच संशयास्पद वाटतात. टेलेस यांच्या चाचणीतली सारी कुटुंबे कागदावर एकाच गटातली होती, तरी परिणाम गटाच्या आतच फाटला. त्यामुळे आराखड्यात पुनर्विचाराची तारीख घालावी लागते, आणि त्या दिवशी टीका किती घटली याबरोबरच जिव्हाळा किती वाढला हेही नोंदवावे लागते, कारण या घरात दोहोंपैकी काय कामाचे आहे ते आधी ठाऊक नसते.

या सगळ्यात एक व्यावहारिक अडचण हमखास येते. तज्ज्ञाला कुटुंबाची भाषा येत नसली, की घरातल्या एखाद्या चुणचुणीत मुलालाच दुभाषा केले जाते. तसे केल्यास मूल वडीलधाऱ्यांच्या भांडणाच्या मध्यभागी जाऊन बसते, आणि आजीने काढलेला कठोर उद्गार ते सौम्य करून सांगते किंवा गिळून टाकते. प्रशिक्षित दुभाषा शब्द तरी चोख पोचवतो, पण आवाजातली धार त्याच्याही हाती लागत नाही. टीकेची अर्धी मोजणी तर त्या धारेवरच असते. म्हणून मुलाखतींचे मुद्रण ऐकणारा परीक्षक ती भाषा बोलत वाढलेला असावा लागतो.