हातातून निसटलेले पिस्तूल

रोज अंगावर बाळगायचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर निवडताना चर्चा बहुधा गोळीच्या ताकदीची आणि मॅगझिनमध्ये किती काडतुसे मावतात याची होते. परंतु असे शस्त्र जवळजवळ सगळा काळ न झाडताच वावरते, आणि त्या काळात ते कसे वागते याचा विचार माझ्या मते आधी व्हायला हवा.

1873 च्या कोल्ट ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा (मागचा, ठोका मारणारा भाग) पूर्ण खाली असताना त्याची पिन थेट काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे फटका बसताच पेटून दारू पेटवणाऱ्या टोपीवर, टेके. घोड्यावर फटका बसला तर गोळी सुटू शकते, म्हणून जाणकार सहापैकी एक कप्पा रिकामा ठेवून घोडा त्यावर टेकवत. रुगर कंपनीने 1973 मध्ये अशाच धाटणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ट्रान्सफर बार बसवला. चाप (ट्रिगर) ओढल्यावरच ही पट्टी वर येते आणि घोड्याचा ठोका फायरिंग पिनपर्यंत पोहोचवते. एरवी घोडा पिनला शिवतच नाही.

पिस्तुलात प्रश्न येतो तो जडत्वाचा. एक मीटरवरून पडलेली वस्तू सेकंदाला सुमारे 4.4 मीटर वेगाने जमिनीवर आदळते. नळीच्या तोंडावर पडलेले पिस्तूल क्षणात थांबते, पण आतली फायरिंग पिन पुढे जाऊ पाहते. म्हणून कोल्टच्या ‘सिरीज 80’ पिस्तुलांत, तसेच ग्लॉकमध्ये, चाप ओढल्याशिवाय न हटणारा अडसर पिनच्या वाटेत असतो. कॅलिफोर्नियातील कायदेशीर चाचणीत पिस्तूल साधारण एवढ्याच उंचीवरून काँक्रीटवर टाकून पाहतात. त्यासाठी दारू व गोळी नसलेले, फक्त प्रायमर बसवलेले काडतूस वापरतात.

मात्र अडसर असूनही चूक राहू शकते. 2017 मध्ये सिग सॉअर कंपनीचे ‘पी 320’ पिस्तूल मागच्या बाजूवर विशिष्ट कोनात पडल्यास सुटू शकते, असे दिसून आले. तिथे पिस्तूल थांबले तरी चाप स्वतःच्या वजनाने मागे सरकत होता, आणि चाप सरकला की अडसरही हटणारच! कंपनीने त्यानंतर हलका चाप व काही बदललेले भाग देऊ केले. ग्लॉकच्या चापात बसवलेली छोटी पाती दाबल्याशिवाय चाप मागे येत नाही, ती याच कारणासाठी.

अर्थात चापावर बोट पडले, की खिशातली किल्ली अडकली, हा फरक यापैकी कोणत्याही यंत्रणेला कळत नाही. त्यामुळे चापाभोवतीची जागा पूर्ण झाकणारा कडक होल्स्टर (पिस्तुलाचे म्यान) हा पिस्तुलाच्या निवडीचाच भाग ठरतो.