विकिपीडियातला ‘पी’ आणि विकिमीडियातला ‘मी’

मी विकिपीडियावर लिहितो हे कळलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. ‘किती देतात?’ आणि ‘मग अमक्याच्या पानावर चुकीचं लिहिलंय, ते तुमच्या हेडऑफिसला सांगून काढून टाक ना.’ पहिल्याचं उत्तर एका शब्दात होतं, शून्य. दुसऱ्याला वेळ लागतो. हेडऑफिस आहे, खरंच आहे, पण त्या पानावरचा शब्द बदलणं हे त्याचं कामच नाही. एवढं सांगेपर्यंत समोरचा माणूस ‘हा टाळतोय’ अशा नजरेने बघायला लागलेला असतो.

घोळाची सुरुवात नावातच आहे. विकिपीडिया आणि विकिमीडिया. ‘प’च्या जागी ‘म’ एवढाच फरक, आणि दोन्ही ओठ मिटून म्हणायची अक्षरं, त्यामुळे फोनवर तर कळतच नाही. वाचतो आपण विकिपीडिया, पण देणगी दिली की पावती येते विकिमीडिया फाउंडेशनची. लेखातल्या फोटोचा पत्ता उघडून पाहिला तर त्यातही विकिमीडिया. पुष्कळांना ती टंकनातली चूक वाटते. त्यात भर म्हणून विकिपीडिया ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्याचं नाव मीडियाविकी, म्हणजे तीच अक्षरं पुढची मागे करून ठेवलेली. (विकिलीक्सचा या कोणाशीच काडीचा संबंध नाही. नावात ‘विकी’ आहे, बस्स.)

विकिपीडिया हा ज्ञानकोश. तीनशेहून जास्त भाषांमधले लेख, त्या प्रत्येक लेखामागचा इतिहास, चर्चा पानं आणि हे सगळं फुकट लिहिणारी, खोडणारी, भांडणारी माणसं. विकिमीडिया फाउंडेशन ही अमेरिकेत नोंदलेली ना-नफा संस्था. सर्व्हर तिचे, नावाचे आणि बोधचिन्हाचे हक्क तिचे, वकील तिचे, पगारी प्रोग्रॅमर तिचे. विकिपीडियाखेरीज छायाचित्रांचं भांडार असलेलं कॉमन्स, शब्दकोश विक्शनरी, २०१२ साली सुरू झालेलं विकिडेटा असे इतर प्रकल्पही तीच सांभाळते. मजकूर मात्र तिचा नाही. मी लिहिलेल्या परिच्छेदाचा स्वामित्वहक्क माझाच राहतो. ‘कोणीही वापरा, नाव द्या आणि पुढे याच अटीवर वाटा’ अशा परवान्याखाली मी तो खुला केलेला असतो, एवढंच.

ही अट वकिली वाटते, पण सगळी मेख तिच्यातच आहे. लिहिणारे रुसले तर सगळा मजकूर उचलून दुसरीकडे बिऱ्हाड मांडू शकतात. आणि ते एकदा घडलेलं आहे.

मार्च २००० मध्ये जिमी वेल्स यांच्या बोमिस या कंपनीने न्यूपीडिया नावाचा ऑनलाइन ज्ञानकोश सुरू केला. लॅरी सँगर मुख्य संपादक. लेख तज्ज्ञांनी लिहायचे आणि सात टप्प्यांच्या तपासणीतून गेल्यावरच प्रसिद्ध करायचे, अशी शिस्त होती. पहिल्या वर्षात पार पडले २१ लेख. मग १५ जानेवारी २००१ रोजी, न्यूपीडियाला कच्चा माल पुरवायला म्हणून, कोणीही बदल करू शकेल असं एक विकी उघडलं. ते विकिपीडिया. कच्चा माल वर्षभरात १८ हजार लेखांवर गेला आणि पक्का माल बनवणारा कारखाना थोड्याच वर्षांत बंद पडला.

तोवर विकिपीडिया कंपनीच्याच सर्व्हरवर होता. २००२ च्या सुरुवातीला तिथं जाहिराती येणार अशी कुणकुण लागली. स्पॅनिश विकिपीडियाच्या लेखकांनी वाट पाहिली नाही. लेख उचलले आणि एन्सिक्लोपीडिया लिब्रे या नावाने वेगळा संसार थाटला. बाकीच्यांना धसका बसायला तेवढं पुरलं. जाहिरातींचा विषय मागे पडला, पत्त्यातलं डॉट कॉम जाऊन डॉट ऑर्ग आलं आणि २० जून २००३ रोजी विकिमीडिया फाउंडेशन स्थापन झालं. म्हणजे या घरात लेकरू आधी जन्मलं आणि पालक नंतर नेमले गेले. अडीच वर्षांनी आलेल्या पालकांचा शब्द लेकराने किती मानायचा, यावरून आजतागायत धुसफूस आहे.

आत काय चालतं हे बघायचं तर कुठल्याही लेखाच्या माथ्यावरचा ‘इतिहास’ उघडावा. प्रत्येक बदलाची एक ओळ असते. वेळ, सदस्यनाव, किती बाइट वाढले किंवा घटले ते हिरव्या-लाल आकड्यात, आणि शेवटी बदल करणाऱ्याने लिहिलेलं चार शब्दांचं कारण. ‘संदर्भ जोडला.’ ‘शुद्धलेखन.’ ‘जाहिरातवजा मजकूर काढला.’ मध्येच कोणीतरी अख्खं पान पुसून एक शिवी ठेवलेली असते, त्याच्या लगेच वरच्या ओळीत दुसऱ्या कोणीतरी ते उलटवलेलं. दोन्हींच्या वेळेत पुष्कळदा एखाद्या मिनिटाचं अंतर. त्या यादीत तुम्ही कितीही खाली गेलात तरी फाउंडेशनचा कर्मचारी सहसा सापडणार नाही. पान कुलूपबंद करणारा, खोडसाळ सदस्याला रोखणारा प्रचालकसुद्धा स्वयंसेवकच असतो, इतर स्वयंसेवकांनी निवडलेला.

मग तक्रार कुठे न्यायची? भल्याभल्यांनी इथं चुकीचं दार ठोठावलंय. फ्रान्समधला किस्सा मला फार आवडतो. २०१३ मध्ये तिथल्या गुप्तचर खात्याला फ्रेंच विकिपीडियावरचा पिएर-सुर-ओत या लष्करी रेडिओ केंद्रावरचा लेख खुपला. त्यांनी आधी फाउंडेशनला सांगितलं, लेख काढा. फाउंडेशनने विचारलं, यातलं नेमकं गुपित काय ते सांगा. लेखातली बहुतेक माहिती एका टीव्ही माहितीपटातली होती आणि तो बनवायला खुद्द हवाई दलाने मदत केली होती. गुपित कोणतं ते सांगता येईना, म्हणून फाउंडेशनने नकार दिला. तेव्हा खात्याने एका फ्रेंच प्रचालकाला बोलावून घेतलं. त्या बिचाऱ्याने लेखाला कधी हातही लावलेला नव्हता. पण लेख उडवायचं बटण त्याच्याकडे होतं आणि राहायला तो फ्रान्समध्ये होता. अटकेची धमकी मिळाल्यावर त्याने तिथंच बसून लेख काढला आणि काय झालं ते इतरांना कळवलं. स्वित्झर्लंडमधल्या दुसऱ्या प्रचालकाने लेख परत आणला. त्यापूर्वी जो लेख कुत्रंही विचारत नव्हतं, तो त्या आठवड्याच्या शेवटी फ्रेंच विकिपीडियावरचा सर्वांत जास्त वाचलेला लेख ठरला.

दिल्ली उच्च न्यायालयात याच्या उलट घडलं. २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने आपल्यावरच्या लेखातल्या मजकुरावरून दोन कोटी रुपयांचा बदनामीचा दावा लावला. लिहिणाऱ्यांचा पत्ता नाही, पण फाउंडेशनला पत्ता आहे. म्हणून प्रतिवादी फाउंडेशन, आणि त्याने संबंधित संपादकांची माहिती द्यावी असा न्यायालयाचा आदेश. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर या खटल्याविषयीचंच पान न्यायालयाच्या आदेशावरून फाउंडेशनला काढावं लागलं. तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये रद्द केला. फ्रान्समध्ये संस्था बधली नाही म्हणून माणसाला गाठलं, दिल्लीत माणूस सापडेना म्हणून संस्थेला.

आता पैसा. २०२२-२३ या वर्षात फाउंडेशनचं उत्पन्न सुमारे १८ कोटी डॉलर होतं. त्यातले ३१ लाखांच्या आसपास सर्व्हर चालवण्यावर गेले आणि १० कोटींहून थोडे जास्त पगारांवर. हा आकडा दाखवून ‘बघा, लिहिणारे फुकट आणि हे गब्बर’ असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तो हिशेब अर्धवट वाटतो. सर्व्हर नुसते विकत घेऊन चालत नाहीत, ते राखणारी माणसं लागतात, आणि दिल्लीसारख्या खटल्यात वकील फुकट उभे राहत नाहीत. पण लेखांच्या वर देणगी मागणारी जी पट्टी दिसते तिच्यावरची भाषा अशी असायची, की वाचणाऱ्याला वाटावं उद्या सकाळी विकिपीडिया बंद पडतोय. २०२२ मध्ये इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनी चर्चा करून बहुमताने सांगितलं, हा मजकूर आमच्या पानांवर नको. फाउंडेशनला भाषा बदलावी लागली. ज्या संस्थेचे सर्व्हर, तिलाच पानावर काय लावायचं ते फुकट काम करणाऱ्यांना विचारावं लागतं, असं चित्र दुसरीकडे क्वचित दिसेल.

दर वेळी संस्था ऐकतेच असं नाही. २०१४ मध्ये चित्रं दाखवायची नवी सोय जर्मन विकिपीडियाच्या संपादकांना नको होती, त्यांच्या प्रचालकाने ती बंद केली. फाउंडेशनने रातोरात नवं कुलूप बनवलं, जे प्रचालकांनाही उघडता येणार नाही. त्यावरून इतका गदारोळ झाला, की पुढच्या वर्षी ते कुलूप काढूनच टाकलं. २०१९ मध्ये इंग्रजी विकिपीडियाच्या एका जुन्या प्रचालकाला फाउंडेशनने परस्पर वर्षभरासाठी बाहेर काढलं, तेव्हा वीसहून जास्त प्रचालकांनी राजीनामे दिले. जून २०२५ मध्ये लेखांच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले सारांश दाखवण्याचा प्रयोग जाहीर झाला. संपादकांनी त्यावर इतक्या कडक शब्दांत नापसंती नोंदवली, की तो लगेच थांबवावा लागला.

हे वाचून लिहिणारे म्हणजे संत आणि संस्था म्हणजे खलनायक असं वाटत असेल तर तसं नाही. विकिपीडियाची काही दुखणी घरातलीच आहेत. इंग्रजी विकिपीडियावर महिन्याला पाच किंवा त्याहून जास्त बदल करणारे संपादक मार्च २००७ मध्ये सुमारे ५१ हजार होते, २०१३ पर्यंत ते ३१ हजारांच्या आसपास आले. लेख वाढत होते आणि हात कमी होत होते. याचं एक मोठं कारण आम्हीच. खोडसाळपणा आवरायला नियम केले, ते नियम राबवायला साचे (आधीच लिहून ठेवलेले मजकूर) आणि बॉट (आपोआप काम करणारे प्रोग्रॅम) केले, आणि नवा माणूस पहिलं वाक्य लिहून मागे वळतो न वळतो तोच ते उडवून त्याच्या चर्चा पानावर तयार इशारा चिकटवायला लागलो. फाउंडेशनने २०१३ मध्ये सोपा ‘दृश्य संपादक’ आणला, म्हणजे खुणांची भाषा न शिकता थेट पानावर लिहायची सोय. बटणं सोपी झाली. उडवणारी माणसं तीच राहिली.

लहान भाषांत दुखणं वेगळं. स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावरचे हजारो लेख ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकी मुलाने लिहिले होते, हे २०२० मध्ये उघड झालं. तिथं वाईट हेतू नव्हता, उत्साह होता, आणि थांबवायला कोणी नव्हतं. क्रोएशियन विकिपीडियावर हेतूही होता. काही प्रचालकांनी वर्षानुवर्षं अख्खा विकिपीडियाच ताब्यात ठेवला आणि इतिहासाला हवं तसं वळण दिलं. २०१३ पासून तक्रारी जाहीर होत होत्या. ‘मजकुरात आम्ही पडत नाही’ हे फाउंडेशनचं तत्त्व फ्रान्समध्ये ढाल ठरलं होतं, इथं तेच तत्त्व बघत बसण्याची सबब झालं.

सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे हा नावांचा घोळ कायमचा करून टाकायचा बेत फाउंडेशननेच आखला होता. विकिमीडिया कोणाला माहीत नाही, विकिपीडिया सगळ्या जगाला माहीत आहे, तेव्हा आपणही विकिपीडियाचंच नाव घ्यावं, असं २०२० मध्ये ठरत होतं. पर्याय विचारले, तर प्रत्येक पर्यायात ‘विकिपीडिया’ होतंच. स्वयंसेवकांनी आणि देशोदेशींच्या विकिमीडिया संस्थांनी निषेधाचं जाहीर पत्र काढलं आणि विश्वस्तांनी काम थांबवलं.

गेल्या दोन वर्षांत दोघांवर एकच संकट येतंय, पण लागतंय वेगवेगळ्या जागी. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांचे बॉट अख्खा मजकूर आणि चित्रं उपसून नेतात, त्याचा भार पडतो सर्व्हरवर, म्हणजे विकिमीडियावर. आणि उत्तर परस्पर मिळत असल्याने माणसं मूळ पानावर येईनाशी होतात. २०२५ मध्ये फाउंडेशननेच सांगितलं, की माणसांनी पाहिलेल्या पानांची संख्या वर्षभरात सुमारे ८ टक्क्यांनी घटली. हा फटका विकिपीडियाला. कारण मी काय किंवा दुसरा कोणी काय, आधी वाचकच होतो. एक चूक दिसली, राहवलं नाही, ‘संपादन’वर टिचकी मारली, आणि अडकलो.

हेडऑफिसला सांग म्हणणाऱ्या त्या मित्राला शेवटी मी लेखाच्या चर्चा पानावर नेलं. काय चुकलंय आणि बरोबर माहिती कुठे छापून आलीय, एवढं दोन ओळींत त्याच्याकडूनच लिहवून घेतलं. नऊ दिवसांनी कोणीतरी ते वाक्य बदललं. इतिहासात एक अनोळखी सदस्यनाव होतं आणि कारणाच्या जागी लिहिलेलं, ‘चर्चेप्रमाणे’. मित्र इतका खूश झाला, की त्याने त्याच दिवशी विकिमीडिया फाउंडेशनला देणगी पाठवली. वाक्य बदलणाऱ्याला ते कळायचं काहीच कारण नाही.