कृपादान म्हणजे केवळ अन्य भाषा बोलणे नव्हे

ज्याला अन्य भाषांत, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषांत, बोलता येते किंवा हात ठेवून आजारी बरे करता येतात, त्यालाच पवित्र आत्म्याचे कृपादान, म्हणजे आत्म्याने दिलेली देणगी, मिळाले आहे आणि बाकीच्यांनी फक्त बाकांवर बसून ऐकावे, हा समज अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत वर्षानुवर्षे चालत आला आहे. बायबलमधील प्रेषित पौलाची पत्रे त्याला आधार देत नाहीत. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १२ व्या अध्यायात तो सांगतो की, प्रत्येकाला मिळणारे दान सर्वांच्या हितासाठी असते. अन्य भाषांना तो याद्यांच्या शेवटी ठेवतो, आणि सगळेच त्या बोलतात काय, या त्याच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ हेच अपेक्षित आहे. साहाय्य करणे आणि व्यवस्था पाहणे हीदेखील त्याच यादीत आहेत, जरी हिशेब चोख ठेवणाऱ्या खजिनदाराचे नाव प्रार्थनासभेत क्वचितच निघत असले तरी.

१९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठे आध्यात्मिक जागरण झाले. रमाबाईंनी अन्य भाषा नाकारल्या नाहीत, पण आत्म्याची एकमेव खूणही मानल्या नाहीत. त्यांचे स्वतःचे आयुष्य निराधार स्त्रियांचा सांभाळ आणि बायबलचे मराठी भाषांतर यांत गेले.

आपले दान ओळखण्यासाठी भरायच्या प्रश्नावल्या फार तर सूचना देतात. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ मध्ये विधवांच्या अन्नवाटपासाठी ७ जण निवडले गेले, ते मंडळीत नावलौकिक असलेले होते आणि त्यांची निवड मंडळीनेच केली. म्हणून आधी गरज असेल ते काम हाती घ्यावे, आणि त्यातून कोणाला खरोखर लाभ झाला, हे आपल्याला जवळून ओळखणाऱ्यांना विचारावे.