डोंगरवाटेवरची मोटर : ई-बाइकच्या वादाची पार्श्वभूमी

माउंटन बाइकिंगच्या ट्रेलवर, म्हणजे डोंगरातल्या मातीच्या वाटांवर, ई-बाइकला येऊ द्यावं का, हा वाद बॅटरीपेक्षा जुना आहे. चाळीसेक वर्षांपूर्वी साध्या माउंटन बाइकलाही असंच दारात अडवलं होतं. तेव्हा सायकलवाल्यांनी जमीन सांभाळणाऱ्यांना जे सांगितलं, ‘आम्ही पायांच्या जोरावर चालतो, आमच्यात मोटर नाही’, तेच वाक्य आज ई-बाइकच्या वाटेत उभं आहे.

सुरुवात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीची. 1976 पासून तिथे ‘रीपॅक’ नावाच्या उतारावर जुन्या, जाडजूड सायकलींच्या शर्यती होऊ लागल्या. तीनेक किलोमीटरांत जवळपास 400 मीटर खाली. त्या सायकलींना पेडल उलटं दाबून लावायचा ब्रेक मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, आतच असे. एका फेरीत हब एवढा तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन उडून जाई. खाली पोचलं की हब उघडून नवं ग्रीस भरायचं, म्हणजे ‘रीपॅक’ करायचं. उताराचं नाव त्यावरूनच पडलं. 1981 मध्ये ‘स्टंपजंपर’ ही कारखान्यात मोठ्या संख्येने बनलेली माउंटन बाइक बाजारात आली आणि मूठभरांचा छंद हजारोंचा झाला. पायी चालणारे आणि घोडेस्वार यांच्या वाटांवर अचानक सायकली दिसू लागल्या, तक्रारी झाल्या, कॅलिफोर्नियातल्या वाटा एकामागून एक बंद होऊ लागल्या. त्या बंदीला तोंड द्यायला 1988 मध्ये स्थानिक क्लबांनी मिळून ‘इंबा’ (इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन) ही संघटना उभी केली.

कायद्याचा धागा समांतर चालला होता. अमेरिकेच्या 1964 च्या वन्यप्रदेश कायद्याने राखीव रानात मोटारवाहनांवर आणि ‘यांत्रिक वाहतुकीच्या इतर कोणत्याही प्रकारा’वर बंदी घातली. सायकल यांत्रिक की नाही? वनखात्याच्या 1966 च्या नियमात यांत्रिक म्हणजे निर्जीव शक्तीवर चालणारं, असा अर्थ दिला होता. त्या अर्थाने सायकल सुटत होती. 1984 मध्ये खात्याने नियम बदलून सायकलींचं नाव घालूनच बंदी केली. त्या रानांबाहेरच्या सरकारी जमिनींसाठी 1972 चा राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा आदेश होता. त्याने रस्त्याबाहेर चालणाऱ्या मोटारवाहनांसाठी ठरावीक वाटा आखून द्यायला लावल्या. त्यामुळे ट्रेलचे दोन गट पडले, मोटर असलेले आणि नसलेले. माउंटन बाइकने दुसऱ्या गटात जागा मिळवली ती ‘मोटर नाही’ या एकाच आधारावर. हे लक्षात घेतलं, तर जुने ट्रेल-कार्यकर्ते ई-बाइकचं नाव काढताच का बिचकतात ते कळतं. त्यांना ई-बाइकवाल्याचा राग नसतो. एकदा ‘मोटरही चालेल’ म्हटलं की आपल्याच पायाखालचा आधार सुटेल, ही त्यांची भीती असते, आणि ती अनाठायी म्हणता येत नाही.

मोटर आली ती मात्र डोंगरासाठी नव्हे. यामाहाने 1993 मध्ये जपानात ‘पास’ ही सायकल आणली. पेडलवर किती जोर पडतोय ते सेन्सर मोजतो आणि त्या प्रमाणात मोटर हात देते, पाय थांबला की मोटर थांबते. शहरातल्या रोजच्या फेऱ्यांसाठीची ही कल्पना. युरोपीय संघाने 2002 मध्ये तिला मोटारवाहनांच्या नियमांतून वगळलं, पण अटी घालून: सततची शक्ती 250 वॉटपर्यंत, मदत हळूहळू कमी होत 25 किमी वेगाला बंद, आणि पेडल मारल्याशिवाय मदत नाही. त्याच वर्षी अमेरिकेने ग्राहक-सुरक्षेच्या कायद्यात व्याख्या केली: 750 वॉटपेक्षा कमी मोटर आणि नुसत्या मोटरवर ताशी 20 मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे 32 किमीपेक्षा कमी वेग. या सगळ्या मर्यादा रस्त्याचा विचार करून घातलेल्या आहेत. त्या जशाच्या तशा डोंगरावर नेल्या, आणि माझ्या मते पुढच्या बहुतेक गोंधळाचं मूळ इथे आहे.

10 टक्के चढाचा मातीचा ट्रेल घ्या. साधी सायकल आणि स्वार मिळून 90 किलो, पायांची शक्ती 150 वॉट. चढ आणि मातीची ओढ धरली तर वेग येतो ताशी 5 किमीच्या आसपास. आता 10 किलो जड ई-बाइक घ्या आणि मोटरचे 350 वॉट जोडा. तेवढ्याच दमात वेग जातो 15 किमीवर. तिप्पट! आणि तरीही 25 किंवा 32 ची मर्यादा अजून कोसभर लांब आहे. उतारावर तर मोटर बंदच असते, तिथे सगळं काम गुरुत्वाकर्षण करतं. म्हणजे वेगाची कायदेशीर मर्यादा ट्रेलवर फक्त सपाटीला लागू पडते. जिथे खरा फरक पडतो त्या चढावर ती काहीच करत नाही.

चढावरचा हा वेग महत्त्वाचा का? दोन्ही दिशांनी खुल्या असलेल्या सिंगलट्रॅकवर, म्हणजे एका वेळी एकच सायकल मावेल अशा अरुंद वाटेवर, उतरणाऱ्याचा अंदाज असतो की समोरून येणारा चालण्याच्या वेगाने येतोय. आंधळ्या वळणावर तो 15 ने आला तर ब्रेक मारायला मिळणारं अंतर घटतं. दुसरं म्हणजे, फक्त उतरण्यासाठी बांधलेल्या वाटा आता उलट्या चढता येतात, आणि त्या तीव्र, भुसभुशीत जागी जास्त टॉर्कने, म्हणजे चाक फिरवणाऱ्या जोराने, मागचं चाक फिरून माती मागे फेकतं. तिसरं, जिथे एक फेरी होई तिथे तीन होतात. वळणाआधी ब्रेकमुळे पडणारे खळगे फेऱ्यांच्या संख्येने खोल होतात, मोटर चालू असो वा नसो.

डोंगरासाठीची मोटर 2010 नंतर आली. बॉश आणि मग शिमानो या कंपन्यांची ही मोटर हबमध्ये नव्हे, पेडलच्या दांड्यापाशी बसते. त्यामुळे मोटरचा जोर साखळीतून गिअरवर जातो. लहान गिअरला ती सावकाश पण ताकदीने चढते, हबमधल्या मोटरसारखी तीव्र चढावर तापून दम सोडत नाही. 2015 मध्ये कॅलिफोर्नियाने तीन वर्ग केले, ते पुढे अनेक राज्यांनी उचलले. पहिला वर्ग: पेडल मारलं तरच मदत, ताशी 32 किमी वेगापर्यंत. दुसरा: थ्रॉटल, म्हणजे पेडल न मारताही मोटर चालते, तेवढाच वेग. तिसरा: पेडल-मदत 45 किमीपर्यंत. ट्रेलच्या चर्चेत तेव्हापासून मुख्यतः पहिलाच वर्ग असतो.

मातीचं काय होतं, याची मोजणी इंबाने ओरेगनच्या जंगलात केली. त्याच वाटेवर साधी माउंटन बाइक, पहिल्या वर्गाची ई-बाइक आणि मोटारसायकल चालवून हललेली माती मोजली. ई-बाइक साध्या सायकलीच्या जवळ निघाली, मोटारसायकल बरीच पुढे. निष्कर्ष उपयोगाचा आहे, पण ती वाट सायकलींसाठीच नीट बांधलेली होती. ट्रेलचा चढ डोंगरउताराच्या निम्म्याहून कमी ठेवला आणि पाणी कडेला उतरेल असा बाहेरचा कल दिला, तर माती टिकते. सरळ खाली धावणाऱ्या जुन्या वाटेवर तीच हमी देता येत नाही.

2017 मध्ये इंबाने भूमिका बदलली: पहिल्या वर्गाला हरकत नाही, पण जमीन सांभाळणाऱ्याने स्थानिक सायकलस्वारांशी बोलून ठरवावं आणि साध्या सायकलींची वाट बंद होता कामा नये. ऑगस्ट 2019 मध्ये अमेरिकेच्या अंतर्गत खात्याने, म्हणजे राष्ट्रीय उद्यानं आणि बऱ्याच सरकारी जमिनी पाहणाऱ्या खात्याने, आदेश काढून ई-बाइकला सायकलीच्या रांगेत बसवायला सांगितलं. 2020 च्या अंतिम नियमांनी मात्र एकही ट्रेल आपोआप खुला केला नाही, निर्णय जागेवरच्या अधिकाऱ्यावर सोडला. वनखातं वेगळ्या खात्याखाली येतं. त्याने 2022 मध्ये ई-बाइकला मोटारवाहनच ठेवलं, फक्त तिच्यासाठी वेगळा वर्ग केला. त्यामुळे तीच सायकल एका हद्दीत सायकल असू शकते आणि खुणेचा खांब ओलांडला की मोटारवाहन होते. राखीव वन्यप्रदेशात तर साध्या सायकलीलाही अजून बंदी आहे.

युरोपात हा पेच उभाच राहिला नाही. 250 वॉटची पेडल-मदत कायद्याने सायकलच आहे, त्यामुळे जिथे सायकल जाते तिथे साधारणपणे तीही जाते. तिथला झगडा वाटेच्या रुंदीचा. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात जंगलात 2 मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकलच चालवता येत नाही, मोटर असो वा नसो.

कोलोरॅडोतल्या जेफरसन काउंटीने आपल्या मातीच्या ट्रेलवर 2018 मध्ये आधी प्रयोग करून पाहिला आणि मग पहिला वर्ग खुला केला. शेजारून ई-बाइक गेली हे बहुतेकांच्या लक्षातही आलं नव्हतं. वाट अशीच, एकेक करून तपासून उघडावी.

पण तपासताना सायकलीवरच्या वर्ग सांगणाऱ्या स्टिकरवर भिस्त ठेवू नये. वेगाच्या सेन्सरशी खेळून मर्यादा उठवणारी उपकरणं मिळतात, आणि नव्या मोटरी तो प्रकार ओळखून स्वतःला मंद करतात. त्याहून मोठी अडचण कायदेशीर आकड्यांचीच आहे. 250 वॉट ही सततची शक्ती. 2024 मध्ये आलेली डीजेआय या ड्रोन बनवणाऱ्या चिनी कंपनीची अविनॉक्स मोटर बूस्ट न लावताही क्षणिक 850 वॉट आणि 105 न्यूटन-मीटर टॉर्क देते, तरी युरोपात ती 250 वॉटचीच. कॅलिफोर्नियाच्या नियमाने 2017 पासून स्टिकरवर वर्ग, कमाल वेग आणि वॉट छापावे लागतात. भुसभुशीत चढावर माती फेकणारा टॉर्क त्यात कुठेच नाही.