कृष्णविवर

कृष्णविवर म्हणजे अवकाशाचा असा भाग, जिथले गुरुत्वाकर्षण इतके तीव्र असते की तिथून प्रकाशही बाहेर पडू शकत नाही. नावातला ‘विवर’ हा शब्द थोडा फसवा आहे. विवर म्हटले की कुठेतरी पडलेले भोक किंवा खड्डा डोळ्यांसमोर येतो. कृष्णविवर मात्र सर्व बाजूंनी सारखेच, गोलाकार असते आणि कुठल्याही दिशेने त्याच्याकडे गेले तरी तेच समोर येते. पोकळपणाही त्यात नसतो. उलट अतिशय थोड्या जागेत कोंबलेले प्रचंड वस्तुमान ही त्याची खरी ओळख. वस्तुमान किती, यापेक्षा ते किती जागेत मावले आहे, हा प्रश्न इथे महत्त्वाचा.

दगड वर फेकला की तो खाली येतो. तो परत न येण्यासाठी ज्या वेगाने फेकावा लागेल, त्याला मुक्तिवेग म्हणतात. पृथ्वीच्या पृष्ठभागावर तो सेकंदाला ११.२ किमी आहे, सूर्याच्या पृष्ठभागावर सुमारे ६१८ किमी. वस्तुमान तेवढेच ठेवून गोळा दाबत नेला, तर त्याचा पृष्ठभाग केंद्राच्या जवळ येतो आणि मुक्तिवेग वाढत जातो. तो प्रकाशाच्या वेगाइतका, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किमी झाला, तर काय? हा प्रश्न इंग्लंडमधल्या जॉन मिचेल यांनी १७८३ मध्येच मांडला होता. मात्र त्याचे नेमके गणित आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतानंतरच जमले. १९१६ मध्ये कार्ल श्वार्त्सशिल्ड यांनी गोल वस्तुमानाभोवतीचे अवकाश कसे असते, याचे त्या सिद्धांताच्या समीकरणांतून मिळणारे उत्तर प्रसिद्ध केले. त्या काळात ते पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यात होते आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. कृष्णविवराची सीमा किती अंतरावर असते, हे ठरवणाऱ्या त्रिज्येला त्यांचेच नाव आहे.

ही त्रिज्या काढायला सोपा हिशेब आहे. सूर्याच्या वस्तुमानाच्या दर एका पटीमागे जवळजवळ ३ किमी धरायचे. सूर्य कृष्णविवर व्हायचा असेल तर तो ३ किमी त्रिज्येच्या गोळ्यात मावला पाहिजे. दहा सूर्यांना ३० किमी. पृथ्वीला तर फक्त ९ मिलिमीटर, म्हणजे साधारण गोटीएवढा गोळा. त्रिज्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते, पण आकारमान त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात. त्यामुळे कृष्णविवर जितके मोठे, तितकी त्याची सरासरी घनता कमी. कन्या राशीतल्या एम-८७ या दीर्घिकेच्या, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहाच्या, केंद्रातले कृष्णविवर सुमारे ६५० कोटी सूर्यांएवढे आहे. त्याच्या सीमेआतली सरासरी घनता काढली तर ती आपण श्वासात घेतो त्या हवेपेक्षाही कमी भरते. कृष्णविवर म्हणजे अतिघन पदार्थ, ही समजूत त्यामुळे सरसकट लागू होत नाही.

या सीमेला घटना क्षितिज म्हणतात. तिथे भिंत नाही, पृष्ठभागही नाही. ती केवळ एक मर्यादा आहे, जिच्या आत घडलेल्या घटनेची बातमी बाहेर कधीच पोहोचत नाही. समीकरणांनुसार आत सगळे वस्तुमान केंद्राकडे कोसळत जाते आणि तिथे घनता अनंत होते. त्या अवस्थेला सिंग्युलॅरिटी म्हणतात. ‘अनंत’ हे उत्तर निसर्गाचे नसून आपला सिद्धांत तिथे अपुरा पडल्याची खूण आहे, असेच बहुतेक भौतिकशास्त्रज्ञ मानतात. कोसळणाऱ्या वस्तुमानाला ही अवस्था टाळता येत नाही, हे रॉजर पेनरोझ यांनी १९६५ मध्ये गणिताने दाखवले. अशा सिद्धतांना पायाभूत ठरणारे एक समीकरण अमल कुमार रायचौधुरी यांनी कोलकात्यात दहा वर्षे आधी, १९५५ मध्ये मांडले होते.

कृष्णविवर सगळे गिळत सुटते का?

नाही. हा गैरसमज सर्वांत चिवट आहे, म्हणून तो नीट सोडवून घेतलेला बरा. आज सूर्याच्या जागी नेमके तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर आणून ठेवले, तर पृथ्वी आपल्या कक्षेत आहे तशीच फिरत राहील. अंधार होईल, समुद्र गोठतील, पण पृथ्वी आत ओढली जाणार नाही. १५ कोटी किमी अंतरावर गुरुत्वाकर्षण वस्तुमानावरच ठरते, ते किती दाबून ठेवले आहे यावर नाही. वेगळेपण जाणवते ते अगदी जवळ गेल्यावर. स्वतःभोवती न फिरणारे कृष्णविवर धरले, तर क्षितिजाच्या त्रिज्येच्या तिपटीपर्यंत वर्तुळाकार कक्षा टिकाऊ असते. त्याच्या आत कक्षा डळमळीत होते आणि जरासा धक्का लागला तरी वस्तू आत पडते. दीडपट अंतरावर प्रकाशकिरणसुद्धा वर्तुळात फिरू शकतो.

वेळही तिथे मंदावते. दहा सूर्यांएवढे कृष्णविवर घेऊ, क्षितिजाची त्रिज्या ३० किमी. केंद्रापासून ४० किमीवर यान इंजिनाच्या जोरावर एका जागी रोखून धरले, तर त्यातले घड्याळ दूरच्या घड्याळाच्या निम्म्या गतीने चालेल. आणखी खाली गेले की आणखी मंद. म्हणूनच आत पडणारी वस्तू दुरून पाहणाऱ्याला क्षितिजाशी थबकल्यासारखी, तांबूस होत होत विझून गेल्यासारखी दिसते. स्वतः पडणाऱ्याचे घड्याळ मात्र त्याच्यापुरते नेहमीसारखेच चालते.

त्याच्या शरीराचे काय होईल, हे कृष्णविवराच्या आकारावर ठरते. पाय खाली करून पडणारा माणूस १.८ मीटर उंच असेल, तर दहा सूर्यांच्या कृष्णविवराच्या क्षितिजापाशी त्याच्या डोक्यावरच्या आणि पायांवरच्या ओढीत पृथ्वीच्या गुरुत्वाच्या जवळपास दोन कोटी पट फरक असेल. क्षितिज गाठण्याच्या बऱ्याच आधीच तो शेवयांसारखा ताणला जाऊन तुटेल. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातल्या कृष्णविवराजवळ हाच फरक पृथ्वीच्या गुरुत्वाच्या दहा हजारांश भाग एवढाच भरतो. तिथे क्षितिज कधी ओलांडले हे कळणारही नाही. त्यानंतर मात्र जास्तीत जास्त एक मिनिटाच्या आसपास वेळ उरतो.

घडण

तारा आयुष्यभर दोन ओढींच्या मध्ये उभा असतो. गुरुत्व त्याला आत दाबते आणि गाभ्यातल्या अणुसंमीलनाची, म्हणजे हलके अणू जुळून जड होण्याची, उष्णता बाहेर ढकलते. इंधन संपले की तोल जातो. सूर्यासारख्या ताऱ्याचा गाभा आकसून श्वेतबटू नावाचा लहान, घट्ट गोळा होतो. तिथे इलेक्ट्रॉनांचा दाब त्याला सावरतो, पण या दाबालाही मर्यादा आहे. ती शोधणारे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९३० च्या जुलैअखेर मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाले, तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते; त्या प्रवासातच त्यांनी हे गणित सुरू केले. सूर्याच्या १.४ पटींहून जड श्वेतबटू टिकत नाही, हा त्या कामाचा निष्कर्ष आज चंद्रशेखर मर्यादा म्हणून ओळखला जातो. १९८३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या मर्यादेहून जड गाभा आणखी आकसून मुख्यतः न्यूट्रॉनांचा बनलेला न्यूट्रॉन तारा होतो. त्याचीही मर्यादा दोन ते अडीच सूर्यांच्या आसपास आहे, आणि तीही ओलांडली तर कोसळणे थांबवणारे काहीच उरत नाही. साधारणपणे जन्मतः वीस-पंचवीस सूर्यांहून जड असलेल्या ताऱ्यांची ही गत होते, पण हा आकडा कडक नाही. तारा आयुष्यात किती वायू उधळून देतो यावर बरेच अवलंबून असते.

दीर्घिकांच्या केंद्रांतली लाखो ते अब्जावधी सूर्यांएवढी कृष्णविवरे इतक्या लवकर इतकी मोठी कशी झाली, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

न दिसणाऱ्याचे वजन

आकाशगंगेच्या केंद्राचे उदाहरण हाताने करून पाहण्यासारखे आहे. धनू राशीत, सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर, एस-२ नावाचा तारा एका अदृश्य बिंदूभोवती १६ वर्षांत एक फेरी पूर्ण करतो. राइनहार्ड गेंझेल आणि आंद्रेया गेझ यांच्या गटांनी वर्षानुवर्षे त्याची जागा नोंदवत ठेवली. त्याच्या लंबवर्तुळाकार कक्षेचा अर्धा मोठा अक्ष पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे १,०३० पट आहे. आता केप्लरचा तिसरा नियम लावायचा: अंतराचा घन भागिले काळाचा वर्ग. अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटींत आणि काळ वर्षांत घेतला की उत्तर सूर्याच्या वस्तुमानाच्या पटींत येते. १,०३० चा घन सुमारे १०९ कोटी, १६ चा वर्ग २५६. भागाकार येतो सुमारे ४३ लाख. मध्ये ४३ लाख सूर्यांचे वस्तुमान आहे आणि तिथे तेवढ्या प्रकाशाचा पत्ता नाही. मे २०१८ मध्ये एस-२ या बिंदूपासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे १२० पटींवरून, सेकंदाला ७,६०० किमीहून अधिक वेगाने सुखरूप निघून गेला. म्हणजे ते सगळे वस्तुमान त्याहून लहान जागेत आहे. गेंझेल, गेझ आणि पेनरोझ यांना २०२० चे नोबेल मिळाले.

दुसरी खूण क्ष-किरणांची. हंस तारकासमूहातल्या सिग्नस एक्स-१ मध्ये एक निळा महातारा एका अदृश्य सोबत्याभोवती ५.६ दिवसांत एक फेरी मारतो. त्याचा वायू ओढला जातो, पण सरळ आत न पडता आधी तबकडीसारखा फिरत राहतो. तबकडीत आतले थर बाहेरच्यांपेक्षा वेगाने फिरतात, त्यांच्यात घर्षण होते आणि वायू लाखो अंशांपर्यंत तापून क्ष-किरण फेकतो. हायड्रोजनच्या संमीलनात वस्तुमानाचा ०.७ टक्के भाग ऊर्जा होतो, तर इथे किमान ६ टक्के. विश्वातले सर्वांत झगझगीत दिवे, म्हणजे क्वासार, कृष्णविवरांच्याच भोवती पेटलेले असतात.

एम-८७ च्या कृष्णविवराचे छायाचित्र १० एप्रिल २०१९ रोजी जाहीर झाले. ते पाहताना तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. नारिंगी रंग खरा नाही, १.३ मिलिमीटरच्या रेडिओ लहरींची तीव्रता दाखवायला तो निवडलेला आहे. मधला काळा भाग म्हणजे नेमके क्षितिज नाही, तर त्याच्या सुमारे अडीच पट मोठी सावली आहे, कारण जवळून जाणारे किरणही वळून आत जातात. आणि कड्याची खालची बाजू अधिक उजळ आहे, कारण तिथला वायू आपल्या दिशेने येतो आहे. एवढ्या बारकाईसाठी पृथ्वीएवढी दुर्बीण लागते. म्हणून जगभरातल्या आठ रेडिओ दुर्बिणींनी एप्रिल २०१७ मध्ये अणुघड्याळे जुळवून एकाच वेळी निरीक्षण केले. हवेतली वाफ या लहरी शोषून घेते, त्यामुळे दुर्बिणी उंच, कोरड्या ठिकाणी असाव्या लागतात आणि सगळीकडे एकदम आकाश निरभ्र मिळावे लागते. माहिती इतकी प्रचंड होती की ती इंटरनेटवरून न पाठवता हार्ड डिस्क विमानाने नेल्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा सरेपर्यंत अडकून होत्या.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी कृष्णविवर ओळखायला प्रकाशाची गरजच उरली नाही. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर ३६ आणि २९ सूर्यांएवढी दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन होऊन ६२ सूर्यांचे एक झाले होते, त्याची खूण त्या दिवशी पृथ्वीवर पोहोचली. उरलेले तीन सूर्य गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांच्या, रूपाने उधळले गेले. अशा लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेच्या ४ किमी लांब भुजांमध्ये त्यामुळे झालेला बदल प्रोटॉनच्या व्यासापेक्षा शेकडो पटींनी लहान होता. एवढ्या गोंगाटातून असा संकेत गाळून काढण्याच्या पद्धतीवर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या आसपासपासून काम केले होते. विलीन झालेले कृष्णविवर घंटेसारखे निनादून शांत होते, हे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्येच दाखवले होते. दोनच केंद्रे असली की लहर आकाशातून नेमकी कुठून आली हे धड कळत नाही. म्हणूनच हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडियाचे महत्त्व मोठे. त्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली.

स्टीफन हॉकिंग यांनी १९७४ मध्ये मांडल्याप्रमाणे कृष्णविवरातून अत्यंत मंद प्रारण, म्हणजे किरणांच्या रूपातली ऊर्जा, निसटते. सूर्याएवढ्या कृष्णविवराचे तापमान केल्विनच्या (निरपेक्ष शून्यापासून मोजलेल्या अंशाच्या) एक कोटीव्या भागाहूनही कमी येते, तर भोवतालचे अवकाशच २.७ केल्विन आहे. त्यामुळे आज अशी कृष्णविवरे आटत नाहीत, थोडी वाढतातच.

आकाशात जागा शोधताना

कृष्णविवर दिसणार नाही, पण त्याचा पत्ता दाखवता येतो. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला की संध्याकाळी साडेसात-आठला हंस तारकासमूह महाराष्ट्रातून जवळजवळ डोक्यावर असतो. हंसाच्या मानेच्या मध्यावर ‘ईटा’ हा साध्या डोळ्यांना दिसणारा तारा आहे. त्याच्यापासून पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढ्या अंतरावर, किंचित पूर्वेला, नवव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, तारा म्हणजे सिग्नस एक्स-१ चा निळा सोबती. शहराबाहेरचे काळे आकाश आणि तीन इंची दुर्बीण असली की पुरते. सोबत ताऱ्यांचा सविस्तर नकाशा हवा, कारण त्या भागात आकाशगंगेची गर्दी असते आणि शेजारचाच तारा हेरून समाधान मानण्याची चूक सहज होते. आकाशगंगेचे केंद्र मूळ नक्षत्राच्या ईशान्येला, धनूच्या सीमेवर आहे. ऑगस्टमध्ये ढगांनी उघडीप दिली तर रात्री नऊच्या सुमारास ते दक्षिणेला चाळीस अंशांच्या आसपास उंचीवर येते. तिथे डोळ्यांना दिसतो तो ताऱ्यांचा धूसर पट्टा. केंद्र मधल्या धुळीआड दडलेले असते, आणि एस-२ ला पाहायला अवरक्त किरणांच्या दुर्बिणी लागल्या त्या याच धुळीमुळे.